वनहत्तीची खातेफोड

सामाईक सातबाऱ्याचं दुखणं गावाकडच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. दोन भावांची नावं एकाच उताऱ्यावर. थोरल्याची विहीर भरलेली, ऊस डोक्याच्या वर गेलेला. धाकट्याचं रान डोंगराला लागून, पीक दर वर्षी रानडुकरांच्या घशात. कागदावर खातं एकच, आणि खातं म्हणून पाहिलं तर बरं चाललेलं. धाकटा काही मागायला गेला की त्याला सांगतात, आधी खातेफोड करून आण. खातेफोडीला वर्षं लागतात. तोवर धाकटा पुण्यात कुठल्या तरी सोसायटीच्या गेटवर बसलेला असतो.

आफ्रिकेतल्या हत्तींचं नेमकं असंच झालं. तिथे हत्ती एक नाही, दोन आहेत. एक गवताळ माळावरचा, ज्याला आपण चित्रांत आणि वाहिन्यांवर पाहतो तो. दुसरा मध्य आणि पश्चिम आफ्रिकेच्या घनदाट पावसाळी जंगलातला. पहिल्याला मी माळहत्ती म्हणतो, दुसऱ्याला वनहत्ती. 2001 साली जनुकांच्या पुराव्यावर कळलं की हे दोन वेगळे प्राणी आहेत. धोक्यातल्या प्राण्यांच्या जागतिक लाल यादीत त्यांची खाती वेगळी झाली ती 25 मार्च 2021 ला. मधल्या वीस वर्षांत धाकट्याचं रान जवळजवळ रिकामं झालं.

माझं म्हणणं दोन भागांत आहे आणि ते भाग वरवर एकमेकांना छेद देतात. हत्ती मोजताना ते दोन धरायला हवेत, आणि ही गोष्ट वीस वर्षं उशिरा झाली. हस्तिदंतावर बंदी घालताना मात्र ते दोन धरता कामा नयेत. त्या दुसऱ्या भागात आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा एक जुना निकाल कामाला येतो. तो पुढे.

वनहत्ती हा काही काल सापडलेला प्राणी नाही. 1900 साली पॉल माची या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने कॅमेरूनच्या हत्तीवरून त्याला सायक्लॉटिस हे नाव दिलं. अर्थ गोल कानांचा. शाळेत आपण शिकलो की आफ्रिकन हत्तीचा कान आफ्रिकेच्या नकाशासारखा असतो. तो माळहत्तीचा. वनहत्तीचा कान लहान आणि गोलसर. सुळे बाहेर वळत नाहीत, सरळ खाली उतरतात. दाट झाडीतून वाट काढणाऱ्याला पसरट सुळे परवडणार नाहीत. अंगाने तो बराच लहान. पुढच्या पायाला बहुधा पाच नखं, मागच्याला चार. माळहत्तीला चार आणि तीन. एवढं सगळं डोळ्यांना दिसत असूनही विसावं शतकभर त्याला माळहत्तीची उपजात म्हणूनच वागवलं गेलं. जंगलातल्याचा आकार खुरटला, इतकंच, असा समज.

आल्फ्रेड रोका, निकोलस जॉर्जियाडिस, स्टीफन ओब्रायन आणि सहकाऱ्यांनी हा समज मोडला. आफ्रिकेतल्या 21 ठिकाणच्या 195 मोकळ्या हत्तींना बारीक सुईचे बाण मारून कातडीचे कण घेतले आणि पेशीच्या केंद्रकातल्या डीएनएची तुलना केली. वनहत्ती आणि माळहत्ती यांच्यातलं अंतर निघालं आफ्रिकन आणि आशियाई हत्तीतल्या अंतराच्या 58 टक्के. हे चुलत भावांमधलं अंतर नव्हे. 2010 साली नादिन रोलांड, डेव्हिड राइश यांच्या चमूने मॅमथ आणि मास्टोडॉन या हत्तीच्या नामशेष नातलगांचाही जुना डीएनए शेजारी ठेवला, तेव्हा चित्र आणखी स्पष्ट झालं: मॅमथ आणि आपला आशियाई हत्ती एकमेकांपासून जितके जुने फुटलेले, साधारण तितकेच जुने हे दोघे फुटलेले. काही दशलक्ष वर्षं. मॅमथला आशियाई हत्तीची केसाळ उपजात म्हणण्याची हिंमत कुणी करत नाही. मग इथे एवढी घासाघीस का झाली?

त्याचं एक कारण खरंखुरं शास्त्रीय होतं, आणि ते इतकं मजेदार आहे की जरा थांबून सांगतो. पेशीतल्या ऊर्जाघराचा, म्हणजे मायटोकॉन्ड्रियाचा, डीएनए फक्त आईकडून येतो. तो पाहिला तर गोंधळ उडत होता, कारण माळावरच्या कित्येक हत्तींच्या अंगात जंगलातल्या आज्यांचा मायटोकॉन्ड्रिया निघे. काही संशोधक म्हणाले, बघा, सगळं मिसळलेलं आहे, दोन जाती कुठल्या? पण हत्तींची घरं आपल्या उलट चालतात. लेक माहेरीच राहते, मुलगा वयात आला की बाहेर पडतो. जंगल आणि माळ यांच्या सीमेवर कळप वनहत्तिणींचा, आणि दांडगा माळहत्ती बाहेरून येणारा. त्यांच्या संकरित लेकींना पुन्हा माळहत्तीच मिळाला, नातींनाही तोच. पिढ्या उलटल्या तसं केंद्रकातलं रक्त पूर्ण माळाचं झालं, राहिला तो आईकडून चालत आलेला मायटोकॉन्ड्रिया. म्हणजे घरातली सगळी माणसं बदलली, पाटीवरचं आडनाव तेवढं आजीचं. पाटी वाचून घर ओळखायला गेलेला फसणारच.

दुसरं कारण कचेरीतलं होतं. निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघाच्या, म्हणजे लाल यादी काढणाऱ्या आययूसीएनच्या, आफ्रिकन हत्तींच्या तज्ज्ञगटाने 2003 साली भूमिका घेतली की आत्ताच दोन जाती केल्या तर संकरित हत्ती अधांतरी राहतील. कुठल्याच यादीत न बसल्यामुळे त्यांचं संरक्षण धोक्यात येईल. ही भीती अगदीच पोकळ नव्हती. युगांडा आणि काँगोच्या लोकशाही प्रजासत्ताकाच्या सीमेवर संकरित हत्ती आहेत, हे पुढे लिदीतल्या डीएनएवरून पक्कंही झालं. पण बांधावरच्या चार झाडांचा वाद मिटत नाही म्हणून दोन शेतांची मोजणीच करायची नाही, हा न्याय मला पटत नाही. शंका होती हे मान्य. शंकेचा फायदा कुणाला द्यायचा, हा प्रश्न होता, आणि तो जैसे थे कागदाला दिला गेला.

त्याची किंमत आकड्यांत दिसते. 2016 च्या अहवालात आफ्रिकेतल्या हत्तींचा अंदाज सुमारे 4 लाख 15 हजार होता. त्यातले जवळजवळ 70 टक्के खंडाच्या दक्षिणेकडच्या टापूत, एकट्या बोत्स्वानात सव्वा लाखाच्या पुढे. हे सगळे माळहत्ती. बेरीज एकच मांडली की बोत्स्वानाची भरलेली विहीर गॅबॉनच्या आटलेल्या विहिरीला झाकते. त्यात मोजणीचीही अडचण. माळहत्ती विमानातून मोजता येतो. त्याच सुमारास झालेली आफ्रिकेतली मोठी हत्तीगणना विमानांनीच केली. जंगलाच्या छतावरून विमान नेलं तर खाली हिरवी पानं दिसतात, हत्ती नाही. तिथे माणसांनी कुऱ्हाडीने वाट काढत सरळ रेषेत चालायचं आणि लिदीचे ढीग मोजायचे. ढीग किती दिवसांत कुजतो, एक हत्ती दिवसाला किती वेळा लीद टाकतो, यावरून हिशेब. फियोना मायसेल्स आणि साठेक सहकाऱ्यांनी असा वर्षानुवर्षांचा चालण्याचा हिशेब 2013 साली एकत्र मांडला: 2002 ते 2011 या काळात वनहत्ती सुमारे 62 टक्क्यांनी घटले होते. नऊ-दहा वर्षांत. आणि लाल यादीत 2004 पासून ‘आफ्रिकन हत्ती’ या सामाईक खात्यावर शेरा काय होता? असुरक्षित. धोक्याच्या तीन पायऱ्यांतली सर्वांत खालची.

2021 मध्ये खाती वेगळी केली तेव्हा वनहत्ती एकदम दोन पायऱ्या चढून थेट अतिसंकटग्रस्त ठरला. 31 वर्षांत 86 टक्क्यांहून जास्त घट. माळहत्ती संकटग्रस्त, 50 वर्षांत किमान 60 टक्के. एका रात्रीत हत्ती कमी झाले नव्हते. रकाने वेगळे झाल्यावर जे आधीच झालं होतं ते दिसलं.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे कबूल करायला हवी. नाव वेगळं असतं तर गोळी थांबली असती, असं नाही. गॅबॉनच्या ईशान्येला मिंकेबे राष्ट्रीय उद्यान आहे, कॅमेरूनच्या सीमेला लागून. 2004 ते 2014 या दहा वर्षांत तिथले सुमारे 25 हजार हत्ती मारले गेले. मारणारे बरेचसे सीमेपलीकडून येत, आणि लाल यादी वाचून कुणी बंदूक खाली ठेवत नाही. हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर तर 1990 पासून बंदी होतीच. जंगलातला हस्तिदंत माळावरच्यापेक्षा टणक, त्याची झाक वेगळी, जपानमधले कारागीर शामिसेन हे तंतुवाद्य वाजवायच्या पट्ट्यांसाठी तोच शोधायचे. म्हणजे बाजाराला या दोन हत्तींमधला फरक शास्त्रज्ञांच्या कितीतरी आधी ठाऊक होता.

पण पैसा, पहारा आणि राजकीय लाज या तीन गोष्टी यादीच्या मागोमाग जातात. एखाद्या देशात अतिसंकटग्रस्त प्राण्याच्या जगातल्या एकूण संख्येपैकी निम्म्याहून जास्त जनावरं आहेत, असं म्हटलं की त्या देशाच्या मंत्र्याला परिषदेत वेगळी खुर्ची मिळते. गॅबॉनला ती 2021 नंतर मिळाली. त्या आधी तो लाखो हत्तींच्या खंडातला एक छोटा देश होता, इतकंच.

वनहत्तीच्या बाबतीत उशीर इतका महाग का पडतो, हे समजायला जांगा-बाईला जावं लागतं. मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकाच्या नैर्ऋत्य टोकाला, जंगलाच्या पोटात हे एक उघडं मैदान आहे. ‘बाई’ म्हणजे तिथल्या भाषेत जंगलातली अशी मोकळी जागा. जमिनीत खनिजं आहेत. हत्ती येतात, चिखलाच्या खड्ड्यात सोंड डोळ्यांपर्यंत खुपसतात आणि आत फुंकर मारतात. वर गढूळ बुडबुडे येतात, मग तळचं खारट पाणी सोंडेत भरून तोंडात सोडतात. चांगला खड्डा मोठ्या नराच्या ताब्यात. पिल्लं बाजूच्या डबक्यात तीच कसरत करतात आणि नुसताच चिखल उडवतात. अँड्रिया टर्कालो या बाईंनी 1990 पासून दोन दशकांहून जास्त काळ तिथल्या मचाणावर बसून हत्ती एकेकटे ओळखले. कानाची फाट, सुळ्याचा तुकडा, शेपटीचे केस, यांवरून हजारो हत्तींच्या नोंदी. त्या वह्यांतून जे निघालं ते धक्कादायक होतं. वनहत्तीण पहिल्यांदा विते ती वयाच्या सरासरी तेविसाव्या वर्षी. दोन वेतांत पाच ते सहा वर्षं. माळावरची हत्तीण याच्या कितीतरी आधी आई होते. म्हणजे शिकार आज पूर्ण थांबली तरी गेलेले हत्ती भरून यायला काही दशकं, बहुधा आपलं उरलेलं आयुष्य.

2013 च्या मार्चमध्ये त्या देशात बंडखोरांनी सत्ता घेतली. टर्कालोंना पळावं लागलं. मे महिन्यात हत्यारबंद टोळी मैदानात घुसली आणि 26 हत्ती मारले. मारेकऱ्यांनी गोळ्या झाडल्या त्या ज्या मचाणावरून नोंदी होत, तिथूनही.

आता जनुकीय विविधतेचा मुद्दा, कारण त्यावरून एक सोयीचा गैरसमज पसरतो. वनहत्तींची जनुकीय विविधता उत्तम आहे. माळहत्तींपेक्षा आणि आशियाई हत्तींपेक्षाही जास्त. गॅबॉनपासून काँगोपर्यंतच्या वनहत्तींच्या केंद्रकी डीएनएत फारशा फाळण्याही नाहीत, म्हणजे हे कळप कधीकाळी एका सलग जंगलात मोकळे मिसळत होते. हे वाचून काही जण सुस्कारा सोडतात: चला, पाया भक्कम आहे. मला यात पासबुकातली जुनी शिल्लक दिसते. जनुकीय विविधता ही हजारो वर्षांच्या मोठ्या लोकसंख्येची ठेव असते, आणि ती पिढ्यापिढ्यांनी घटते, वर्षावर्षाने नव्हे. जिथे एक पिढी जवळजवळ तीस वर्षांची, तिथे गेल्या तीस वर्षांची कत्तल जनुकांत अजून नीट उमटलेलीही नाही. नोकरी गेलेल्या माणसाचं पासबुक पहिल्या महिन्यात भरलेलंच दिसतं. म्हणून ‘विविधता चांगली आहे’ या वाक्याचा अर्थ ‘अजून वेळ गेलेली नाही’ असा घ्यावा. ‘काळजीचं कारण नाही’ असा घेऊ नये.

याच जनुकांनी पोलिसांनाही मदत केली आहे. वॉशिंग्टन विद्यापीठाचे सॅम्युअल वॉसर यांनी आफ्रिकाभरच्या लिदीचे नमुने गोळा करून डीएनएचा नकाशा बनवला. ताज्या लिदीच्या गोळ्यावर आतड्याच्या पेशींचा चिकट थर असतो. तो खरवडून घ्यायचा, बस. मग बंदरात पकडलेल्या सुळ्याचा नाण्याएवढा तुकडा कापून त्याचा डीएनए त्या नकाशावर शोधायचा. 2015 साली त्यांनी दाखवलं की 2006 ते 2014 या काळात पकडलेल्या वनहत्तींच्या हस्तिदंतापैकी 85 टक्क्यांहून जास्त एकाच टापूतला होता: गॅबॉन, काँगो आणि कॅमेरून जिथे भेटतात तो, आणि शेजारचं जांगाचं अभयारण्य. पुढे असंही निघालं की एकाच हत्तीचे दोन सुळे वेगवेगळ्या कंटेनरमधून, पण त्याच बंदरातून, काही महिन्यांच्या अंतराने निघत. टोळ्या हजार नव्हत्या, मोजक्याच होत्या.

इथवर मी खातेफोडीची बाजू घेतली. आता उलटी बाजू.

दोन जाती झाल्या की दक्षिणेतल्या देशांची एक जुनी मागणी नव्या कपड्यांत येते. बोत्स्वाना, नामिबिया, दक्षिण आफ्रिका आणि झिम्बाब्वे म्हणतात, आमचे हत्ती भरपूर आहेत, साठलेला हस्तिदंत विकू द्या. 1999 आणि 2008 मध्ये अशी एकेकदा विक्री झालीही. आता त्यांना म्हणता येईल की संकट वनहत्तीचं आहे, आमचा माळहत्ती निराळा. ही मागणी मला उडवून लावावीशी वाटत नाही. हत्तीने उभं पीक तुडवलेल्या माणसाला संवर्धनाचं प्रवचन देणं सोपं असतं, आणि दोडामार्ग किंवा चंदगडच्या शेतकऱ्याला विचारलं तर तो नामिबियाच्या शेतकऱ्याची बाजू घेईल. पण व्यापाराच्या टेबलावर हत्ती उभा नसतो. तिथे असतो मणी, शिक्का, बांगडी. कस्टमच्या खिडकीवरच्या माणसाने त्या मण्यात गोल कान शोधायचे की टोकदार?

आपल्याकडे हा प्रश्न याहून टोकाच्या रूपात न्यायालयात गेलेला आहे. एकेकाळी झांझिबारचा हस्तिदंत मुंबई बंदरात उतरायचा आणि इथून लंडनला जायचा, काही इथेच चुड्यांसाठी राहायचा. त्या धंद्याचं शेपूट 1991 पर्यंत टिकलं. त्या वर्षी वन्यजीव कायद्यात दुरुस्ती होऊन आयात हस्तिदंताचा व्यापारही बंद झाला. तेव्हा काही व्यापाऱ्यांनी युक्तिवाद केला की आमच्याकडचा माल हत्तीचा नाहीच, मॅमथचा आहे. मॅमथ नामशेष झालेला प्राणी, त्याला कायदा वाचवणार तो कशापासून? शास्त्र म्हणून युक्तिवाद बिनतोड होता. सर्वोच्च न्यायालयाने 2003 साली तो फेटाळला. संसदेला हस्तिदंताचा व्यापार पूर्ण बंद करायचा होता. एका प्रकारच्या दाताला वाट दिली की त्याच वाटेने बाकीचे दात बाहेर पडतील, असा निकालाचा रोख.

आणि मॅमथ आणि आशियाई हत्ती यांच्यात जेवढं अंतर, तेवढंच वनहत्ती आणि माळहत्ती यांच्यात. आपल्या न्यायालयाने मॅमथबद्दल जे म्हटलं ते या दोघांना शब्दश: लागू पडतं. जीवशास्त्राच्या वहीत दोन ओळी, कस्टमच्या वहीत एकच. दोन वह्यांचं काम वेगळं आहे, म्हणून त्यांच्या रेघाही वेगळ्या. व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय करारात, सायटिसमध्ये, 2022 च्या पनामा परिषदेच्या वेळीही दोन्ही हत्ती एकाच नावाखाली होते, आणि पुष्कळ संवर्धनवाल्यांना ते मागासलेपण वाटलं. मला बंदीच्या कलमापुरतं ते ठीकच वाटलं. तिथल्या अहवालांत आणि देखरेखीच्या आकड्यांत मात्र दोन्ही हत्ती वेगळे दिसायलाच हवेत.

पनामाच्या त्याच परिषदेत दक्षिणेतल्या देशांच्या हस्तिदंत विक्रीचा प्रस्ताव पुन्हा आला. तो मोठ्या फरकाने पडला. वर्षानुवर्षं अशा प्रस्तावांच्या विरोधात मत देणारा भारत त्या वेळी तटस्थ राहिला. दोनच महिन्यांपूर्वी नामिबियाहून आलेले आठ चित्ते कुनोत उतरले होते, आणि वर्तमानपत्रांनी या दोन गोष्टी लगेच जोडल्या. सरकारच्या मनात काय होतं ते सरकार जाणे. पण मॅमथच्या दातालाही वाट न देणाऱ्या देशाने हात वर न करता बसून राहावं, याची खंत वाटते. चित्ता आणायचा तर जरूर आणा, वनहत्तीच्या हिशेबातून तरी नको.

जंगलात दरम्यान आणखी एक गोष्ट घडते आहे, तिला बंदूक लागत नाही. गॅबॉनच्या लोपे उद्यानात 1986 पासून संशोधक दर महिन्याला तीच झाडं पाहतात, फळ आहे की नाही लिहितात. 2018 पर्यंत पिकलं फळ दिसण्याचं प्रमाण 81 टक्क्यांनी घसरलं. रात्री पारा पुरेसा उतरला तरच फुलणारी काही झाडं आता फुलतच नाहीत. त्याच उद्यानातल्या हत्तींचे फोटो पाहिले तर 2008 नंतर त्यांच्या फासळ्या आणि पाठीची हाडं जास्त दिसू लागली आहेत. मग हत्ती जंगलाबाहेर येतो, कसाव्याच्या आणि केळीच्या बागांत. गावकरी म्हणतात, हत्ती वाढलेत. गणना म्हणते, घटलेत. पुढे येणारा मोर्चा गावकऱ्यांचा असेल, आणि त्या मोर्च्यासमोर गॅबॉनचा मंत्री जेव्हा त्यांची मागणी मान्य करायची की नाही हे ठरवेल, तेव्हा त्याच्या हातात वेगळ्या खात्याचा कागद निदान असेल.

2001 साली तो पहिला शोधनिबंध छापला गेला, त्या वर्षी जांगा-बाईच्या चिखलात एखादं मादी पिल्लू फुंकर मारायला शिकत असेल. 2013 च्या मे महिन्यातून ते वाचलं असेल, तर लाल यादीने 2021 मध्ये त्याची जात मान्य केली तेव्हा ते विसाव्या वर्षात होतं. पहिल्या वेताला अजून तीन वर्षं होती.